चार किलोमीटरची रेघ

नवा टप्पा सुरू करताना मागच्या वर्षीची शेवटची दहा पावलं पुन्हा चालायची, हा दादाचा नियम होता. दोन टप्प्यांच्या मध्ये एकसुद्धा पाऊल सुटायला नको म्हणून. दोनशे दहा किलोमीटरची ती रानवाट आम्ही दोघं बहीणभाऊ तुकड्यातुकड्याने चालत होतो. दर वर्षी चार दिवसांची रजा आणि एक टप्पा. आठ वर्षांत आठ टप्पे झाले आणि पहिला सोडला तर दर वेळी मी त्या दहा पावलांवरून त्याची टर उडवली. "एखादं पाऊल राहिलं तर वाट काय कोर्टात जाणार आहे?" तो म्हणायचा, "तू चाल गपचूप."

या वर्षी ती दहा पावलं मी वहिनीबरोबर चालले. दहा महिन्यांपूर्वी दादा नवव्या टप्प्याला एकटाच गेला आणि परत आला नाही. शोधपथकाने सतरा दिवस रान पिंजून काढलं आणि मग हात टेकले. वहिनी थंडी सरल्यावर एके दिवशी दुकान बंद करून माझ्या घरी आली आणि म्हणाली, "मला त्या वाटेने ने. तो जिथवर गेला असेल तिथवर. नंतर मी कुणाला काही विचारणार नाही."

वहिनीचं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान आहे. जन्मात कधी डोंगर चढली नव्हती. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. वर्षभर इमारतींच्या पोटात वरखाली करून जीव कंटाळतो, म्हणून सुट्टीत नाकासमोर चालावंसं वाटतं, असं तो सांगायचा. मी नकाशा कार्यालयात आहे. सव्वीस वर्षं टेबलावर वाकून रेघा काढतेय. मान कायमची आखडलीय आणि स्वभावही, असं आमच्याकडचे सगळेच म्हणतात.

आता माझं सांगूनच टाकते. आमच्या कार्यालयाचा एक साधा नियम आहे. ज्या जागेची पाहणी झाली नाही तिथे रेघ तोडायची आणि मध्ये कोरी जागा सोडायची. नवव्या टप्प्यात अशी चार किलोमीटरची कोरी जागा होती. तीस वर्षांत तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. जुना नकाशा उघडला की दादा त्या जागेवर बोट ठेवून हळहळायचा. नव्या आवृत्तीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी उंचीच्या रेषा बघत बघत ती दोन टोकं जोडून टाकली. उजव्या उतारावरून, एक छानसं वळण देऊन. वाट असती तर अशीच गेली असती, अशी मी स्वतःची समजूत घातली. काम इतकं सफाईदार झालं की तपासणाऱ्या साहेबांनीही काही विचारलं नाही.

पहिली छापील प्रत मी दादाला दिली. त्याचा चेहरा असा काही फुलला की मलाच माझं कौतुक वाटलं. "जुळली की गं! पाहणी कधी झाली?" मी म्हटलं, "झाली, मागच्या वर्षी." शाबासकीची हौस, दुसरं काय. पन्नाशी आली तरी मोठ्या भावाची शाबासकी हवीच असते. त्या वर्षी मला रजा मिळेना. "पुढच्या वर्षी जाऊ," मी म्हटलं. पण त्याला दम कुठला निघतोय.

आणि याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. शोधपथकाच्या तंबूत माझाच नकाशा टेबलावर पसरलेला होता. पथकाच्या प्रमुखाने त्या वळणावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "तुम्हीच काढलाय म्हणे. वाट नक्की अशीच जाते ना?" शेजारी आमचे साहेब उभे होते, वहिनी उभी होती. मी म्हटलं, "हो." हे मी का म्हटलं याची कारणं मी दहा महिने शोधतेय. नोकरीची भीती होती, अब्रूची होती. पण खरं सांगायचं तर एकदा छापून आलेली रेघ मला स्वतःलाच खरी वाटायला लागली होती. पुढच्या पंधरा दिवसांत मी तोंडातून ब्र काढला नाही.

वहिनीबरोबर निघताना माझ्या मनात एक हिशेबी डाव होता. पथकाने उजवा उतार शोधला होता. आपण वहिनीला डावीकडे न्यायचं, सगळं बघायचं आणि कारण मात्र सांगायचं नाही. तिकडे काहीच सापडू नये अशी मी मनातून प्रार्थना करत होते. काही सापडलं नाही तर माझ्या रेघेने कुणाचं काही बिघडवलं नाही असं मला म्हणता आलं असतं.

पहिल्या दिवशी नुसती झटापट झाली. वाट अशी उरलीच नव्हती. कमरेएवढं गवत, त्यात लपलेल्या काटेरी वेली, आडवी पडलेली झाडं. मी पुढे कोयत्याने तोडत होते आणि वहिनी मागून एक शब्द न बोलता येत होती. तिच्या हातांना ओरखडे पडले होते, बाहीला रक्त लागलं होतं. दुपारी ब्रेड आणि उकडलेली अंडी खाताना तिने बाहीकडे बघितलं आणि म्हणाली, "गार पाण्यात लगेच टाकलं तर जातं हे." मग तिचं तिलाच हसू आलं. मलाही आलं. दोघींचंही लगेच थांबलं.

"तो असाच चालायचा का?" तिने विचारलं.

"छे. अखंड बडबड. कुठल्या इमारतीत कुणाची लिफ्ट अडकली, आत कोण रडलं, कोण देवाचा धावा करत होतं. मी वैतागून जायचे."

"घरी अगदी गप्प असायचा," वहिनी म्हणाली. "सगळी बडबड तुझ्यासाठी राखून ठेवायचा वाटतं." तिचा सूर तक्रारीचा नव्हता, तरी मला तोंड वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही त्या जागी पोचलो. नकाशावरची खरी रेघ तिथे संपते आणि माझी सुरू होते. नकाशात ते कुणालाच दिसणार नाही. मला मात्र कुठे पेन टेकलं होतं तेसुद्धा आठवत होतं. उजव्या उतारावर झाडांना पथकाच्या नारिंगी फिती बांधलेल्या होत्या. एकीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी, माझ्या वळणाच्या बरोबर वरून. वहिनीने एक फीत बोटांत धरून बघितली. "ऊन आणि पाऊस दोन्ही खाल्लेत हिने. पण किती मनापासून शोधलं गं त्यांनी. एक झाड सोडलं नाही."

मला ते ऐकवेना. "आपण डावीकडून जाऊ," मी म्हटलं.

वहिनीने नकाशा उघडला. तिने तो अशा घड्या घालून ठेवला होता की वाटेवर कुठेही मोड येऊ नये. "रेघ तर उजवीकडे जाते."

"उजवीकडचं सगळं त्यांनी बघितलंय."

"पण तो रेघ सोडून डावीकडे कशाला जाईल? तू काढलेली रेघ होती."

"चल ना वहिनी," मी जवळजवळ खेकसले. तिने नकाशा मिटला आणि माझ्या मागे आली.

दोनशे पावलांत पालापाचोळ्याखाली पायाला दगड लागले, एका ओळीत बसवलेले. मी गवत कापलं तर वाटेची जुनी कड निघाली. पुढे उतारावर कुणीतरी कधीकाळी खोदलेल्या पायऱ्या होत्या. शेवाळलेल्या, पण पायऱ्याच. खरी वाट डावीकडून जात होती. इतकी वर्षं ती इथेच होती, आणि दोन दिवस खर्चून कुणी पाहणीला आलं असतं तर अर्ध्या तासात सापडली असती.

"ही तर वाट आहे," वहिनी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. आता ती माझ्या पुढे झाली. मी तिला थांब म्हणणार होते, पण कोणत्या तोंडाने म्हणणार?

पायऱ्या उतरून वाट एका ओढ्याशी जात होती. ओढ्याच्या अलीकडे एक मोठा कातळ पुढे आला होता आणि त्याच्याखाली तीनचार माणसं आरामात बसतील एवढी कोरडी जागा होती. वहिनी आधी पोचली. ती ओरडली नाही. नुसती जागच्या जागी खाली बसली.

दादा तिथेच होता. त्याबद्दल मी एवढंच सांगेन, की झोपायची पिशवी गळ्यापर्यंत ओढून घेतलेली होती आणि बूट शेजारी नीट मांडून ठेवले होते. उजवा बूट चाकूने वरपासून खालपर्यंत कापलेला होता. पाय सुजला असणार, निघत नसणार.

त्याच्या डोक्याजवळ, कातळाच्या आतल्या बाजूला, पिवळ्या तेलकट खडूने लिहिलेलं होतं. लिफ्टवाल्यांची पद्धत असते, तपासणी केली की भिंतीवर तारीख घालायची आणि खाली सही करायची. तशाच तारखा, एकाखाली एक. त्याच्या सहीचं ते वेटोळं मी लहानपणापासून बघत आलेय. वहिनी उठली, भिंतीजवळ गेली आणि मोठ्याने वाचायला लागली. दुकानात गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचते तशी, सावकाश, एक शब्द न गाळता.

"पाच तारीख. धाकटे, तुझी रेघ चुकलीय. वाट डावीकडून आहे. परत आलो की भांडू."

मी कातळाला हात टेकला.

"सहा तारीख. सकाळी पाण्याला गेलो, घसरलो. पाय घोट्याच्या वर मोडलाय. सरपटत आत आलो. बाटल्या भरलेल्या आहेत. आठला घरी पोचायचं होतं, नाही पोचलो की निघतील.

"नऊ तारीख. खाणं संपलं. पावसाचं पाणी डब्यात धरतोय.

"अकरा तारीख. शिट्ट्या ऐकू आल्या. पलीकडच्या उतारावर. ओरडलो. वारा उलटा आहे."

वहिनी थांबली. तिने पदर नव्हता तरी खांद्यावरून काहीतरी ओढून घेतल्यासारखं केलं, आणि पुन्हा वाचायला लागली.

"बारा तारीख. परत शिट्ट्या. रेघेवरून शोधतायत. त्यांची काय चूक. इथली पाहणी झालीच नाही, धाकटीने मनाने जोडलंय, ओळखतो मी तिला. ती सांगेल त्यांना. मग इकडे वळतील.

"तेरा तारीख. धाकटी सांगेल."

त्याच्या पुढे शब्द नव्हते. नुसत्या तारखा आणि सह्या. चौदा, पंधरा, सोळा. सही बारीक होत गेली होती. शेवटची एकोणीस तारीख. पथक सव्वीस तारखेपर्यंत रानात होतं.

वहिनीने मागे वळून माझ्याकडे बघितलं. "काय सांगायचं होतं तुला?"

मी सांगितलं. दहा महिने जे जिभेवर आलं नव्हतं ते चार वाक्यांत संपलं. कोरी जागा, माझं वळण, दादाला मारलेली थाप, साहेबांसमोरचं माझं 'हो'. सांगताना मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचीही मला चीड येत होती.

"तुला कुणी विचारलं होतं?" वहिनीने विचारलं.

"प्रमुखाने. तंबूत. तू होतीस तिथे."

"मला आठवतंय. तू हो म्हणालीस." मग तिने विचारलं, "कुठल्या तारखेला?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिला तारीख आठवत नव्हती. "दहाला," मी म्हटलं. "दहाला संध्याकाळी."

तिने भिंतीकडे बघितलं. बोट ठेवून एकोणीसपर्यंत एकेक तारीख मोजली. मग ते बोट तिने खाली घेतलं आणि दादाच्या शेजारी जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. त्याच्या झोपण्याच्या पिशवीवरचा पाला ती एकेक पान करून उचलायला लागली. तिने मला दोन थोबाडीत माराव्यात असं मला मनापासून वाटत होतं. माझ्यासाठी तेवढे कष्टही ती आता घेणार नव्हती.

मी जवळ जायला एक पाऊल टाकलं.

"इथे नको येऊस," ती म्हणाली. "तू परत जा. वर जाऊन माणसं घेऊन ये, याला न्यायला."

"तू एकटी इथे कशी राहशील? दोन दिवस लागतील मला."

"तो राहिला की चौदा दिवस." तिने अजून एक पान उचलून बाजूला ठेवलं. "जा. आणि या वेळी ते विचारतील तेव्हा वाट नीट सांग."