टोमणे शून्य

तपासनीस एकतीस वर्षं कप वाजवून बघत होते. कारखान्याच्या पट्ट्यावरून आलेला कप उचलायचा, लाकडी काडीनं हलकेच ठोकायचा, खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर टोपलीत. एवढी वर्षं हेच केलं की हाताबरोबर जिभेलाही वळण लागतं. घरी आले की भाजी, पडदे, पाहुणे, सगळं ते वाजवून बघत आणि बहुतेक टोपलीत टाकत. त्यांची थोरली बहीण, म्हणजे घरातली आत्या, काडीशिवायच माणसं फोडायची. बायको कमी बोलायची, पण तिचा एक सुस्कारा दहा वाक्यांना भारी पडायचा. आणि सत्तावीस वर्षांची लेक, जिला सगळे ठमी म्हणत, ती या तिघांच्या हाताखाली तयार झालेली. तिघांना पुरून उरायची.

गेल्या वर्षी ठमी आजारी पडली. आधी झोप गेली. मग कचेरीतले लोक आपल्याविषयी कुजबुजतात असं वाटू लागलं, मग शेजारी कुजबुजू लागले, शेवटी घरचे. सात आठवडे हॉस्पिटलात काढून, औषधं लागू पडून ती घरी आली. ती पुन्हा तिकडे जाऊ नये, याखेरीज तपासनीसांना आयुष्यात आता काही नको होतं. रात्री ते तिच्या दाराशी उभे राहून श्वास ऐकत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

महिन्याभरानं ठमीला तपासणीला नेल्यावर डॉक्टरबाईंनी तपासनीसांना एकट्याला आत बोलावलं आणि काड्यापेटीएवढी एक डबी हातात दिली.

"आमचा एक नवा अभ्यास चालू आहे," त्या म्हणाल्या. "घरात पेशंटला सतत टोचून बोललं, तर आजार उलटायची शक्यता वाढते. ही डबी बोलणं ऐकते आणि दिवसाला कुणाचे किती टोमणे झाले ते मोजते. आधी ठमीला दाखवा, या कागदावर तिची सही घ्या, मगच चालू करा. आणि हे बघा, बोलणं बंद नाही करायचं. फक्त..."

तपासनीसांचं लक्ष 'टोमणे मोजते' इथंच अडकलं होतं. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं. ठमीला दाखवली तर ती उगाच काळजी करेल, असं त्यांनी परस्पर ठरवलं. कागद खिशात गेला आणि डबी कपाटावर, जुन्या बॅगेमागे.

पहिल्या दिवसाचा आकडा आला दोनशे बारा.

तपासनीसांनी तो दोनदा वाचला. स्वयंपाकघरात नळ सोडून त्यांनी बायकोला आणि आत्याला गोळा केलं.

"दोनशे बारा? त्यात माझे किती?" आत्यानं विचारलं.

"एकशे अठरा."

आत्याचा चेहरा वर्गात पहिला नंबर आल्यासारखा उजळला. मग बाकीचं ऐकून उतरला.

"पोरगी परत आजारी पडली तर तुमच्या-माझ्या जिभेमुळे पडेल," तपासनीस म्हणाले. "आजपासून या घरात टोमणे शून्य."

"मग बोलायचं काय?" आत्या म्हणाली. तिनं हे मनापासून विचारलं होतं. बायकोनं नळ आणखी थोडा सोडला.

पण मनावर घेतलं की तपासनीस हटायचे नाहीत. कपाटाच्या दाराला आतून त्यांनी तक्ता चिकटवला. कारखान्यात फुटक्या मालाचा लावत, अगदी तसा. दोनशे बारावरून साठ, साठावरून नऊ. ठमी अंघोळीचं पाणी सोडून विसरली, तर आई म्हणाली, "असू दे गं, फरशी स्वच्छ झाली." ठमीनं पातेलं करपवलं, तर तपासनीस म्हणाले, "खरपूस वास सुटलाय." आत्याची तर दया यायची. तिला कौतुक करायची सवय नव्हती, दर वेळी ठसका लागायचा. तरी ठमी समोर आली की ती हसत असे. आत्या हसली की अंगणातली मांजरं आडोसा शोधत, पण नेटानं हसायची. सहाव्या दिवशी डबीनं शून्य दाखवलं. तपासनीसांनी तक्त्यावर लाल पेनानं भलं मोठं शून्य काढलं आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपले.

पुढचे तीन दिवस सकाळचा चहा ठमीनं केला. पहिल्या घोटालाच तपासनीसांच्या डोळ्यांत पाणी आलं. साखरेऐवजी मीठ होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं आत्याकडे. ठमी कपाळाला आठी घालून तिघांकडे बघत होती.

"झकास!" तपासनीस म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आत्यानं अर्धा कप आणखी मागून घेतला. घराण्यात एवढा मोठा त्याग त्याआधी कुणी केलेला नव्हता.

चौथ्या दिवशी तपासनीस कामावर निघाले, तर ठमी पायात चपला घालून, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत बसलेली.

"बाबा, मला डॉक्टरांकडे घेऊन चला," ती हळूच म्हणाली. "परत सुरू झालंय."

तपासनीसांना तक्ता आठवला. ओळीनं चार दिवस शून्य होतं! आकडा चुकीचा नव्हता, मग चुकलं कुठं? वाटेत त्यांनी तिचा हात सोडला नाही आणि एक शब्दही बोलले नाहीत. बोलून काही बिघडलं तर?

डॉक्टरबाईंसमोर ठमीनं वही उघडली.

"डॉक्टर, तुम्ही शिकवलं होतंत ना, संशय आला की थांबायचं आणि विचारायचं, याला पुरावा काय? मी पुरावा गोळा केला." तिनं पान उलटलं. "स्वयंपाकघरात हे नळ सोडून बोलतात. मी गेले की गप्प होतात. कपाटात माझ्याबद्दल काहीतरी लिहिलंय असं वाटतं, मी दिसले की दार लावतात. आत्या माझ्याकडे बघून हसते."

"आत्या हसतात?" डॉक्टरबाई आत्याला एकदा भेटलेल्या होत्या.

"दाढा दिसेपर्यंत. मग मी चहात मीठ घातलं. तीन दिवस. तिघंही 'झकास' म्हणून प्यायले. आत्यानं आणखी मागितला! काल मी माझ्या हातानं केस कापले, हे बघा, तर आत्या म्हणाली राजकन्या दिसतेस." ठमी रडायला लागली. "सगळा पुरावा माझ्या संशयाच्याच बाजूनं येतोय, डॉक्टर. असं कसं होईल? म्हणजे माझ्या जिभेचा, डोळ्यांचा, कशाचाच भरवसा नाही."

"तू स्वतःहून आलीस, फार चांगलं केलंस," डॉक्टरबाई मऊ आवाजात म्हणाल्या आणि पेन उचललं. "गोळी थोडी वाढवू. आणि दोन-चार दिवस इथंच राहिलीस तर..."

कोपऱ्यातल्या खुर्चीत तपासनीस घामानं थबथबले होते. पोरीनं वाचलेली एकूण एक गोष्ट त्यांनी स्वतः घडवून आणली होती. आता बोलावं तर सगळ्यांत मोठी चूक आपलीच निघणार होती. न बोलावं तर धडधाकट लेक हॉस्पिटलातल्या खोलीत पुन्हा झोपणार होती. ते उभे राहिले.

"लिहू नका," ते म्हणाले. "हे सगळं खरंय."

"कुठलं?"

"नळ. कपाट. आत्याच्या दाढा." त्यांनी तोंड वाकडं केलं. "मीठसुद्धा."

मग त्यांनी डबीपासून तक्त्यापर्यंत सगळं ओकून टाकलं आणि खिशातून घडी पडलेला कागद काढला. सहीची जागा कोरी होती.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "टोचून बोलू नका म्हटलं होतं मी, नाटक करा नव्हतं म्हटलं! जिला आपल्यामागे कट शिजतोय असं वाटायचं, तिच्यामागे तुम्ही खराखुरा कट शिजवलात? आणि तिची सही? याला अक्कल गहाण टाकणं म्हणतात." त्यांच्या टोमण्यांचा आकडा एव्हाना बराच वर गेला असता, पण तपासनीसांनी मान खाली घालून सगळे घेतले.

ठमी बापाकडे बघत होती.

"तीन दिवस प्यायलात? दोन-दोन चमचे मीठ होतं."

"तिसऱ्या दिवशी तीन होते," तपासनीसांना राहवलं नाही.

"मग ओरडला का नाहीत?"

"भ्यायलो होतो गं." ते पुन्हा खाली बसले. "माझ्या तोंडून वाकडा शब्द जाईल आणि तू परत इथं येशील. सात आठवडे तुझी खोली रिकामी बघितलीये मी."

"आणि मला वाटत होतं मी वेडी झाले. तुम्ही कशालाच नावं ठेवत नाही म्हणजे काय, बाबा! मला वाटलं, एक तर मी भ्रमिष्ट झालेय, नाहीतर मरायला टेकलेय आणि तुम्ही मला सांगत नाही."

डॉक्टरबाईंनी लिहायला घेतलेला कागद फाडला. ठमीनं नाक पुसलं, पाठ फिरवली आणि मान खाली केली.

"आता खरं सांगा. केस कसे दिसतात?"

तपासनीसांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मागून भयंकर," ते म्हणाले. "पुढून त्याहून."

ठमीनं लांब श्वास सोडला.

"हां," ती म्हणाली. "म्हणजे मी बरी आहे."