वाटाण्याभोवतीचं कडं

आमचे साडू म्हणजे बटणराव. हे नाव मीच ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं, की माझी मेहुणी, म्हणजे त्याची सख्खी बायको, चिडली की त्याला ह्याच नावाने हाक मारते. ह्या गृहस्थाने विकतची दुर्बीण आणली. बटण दाबलं की ती घूं घूं करत स्वतःच तारा शोधते, स्वतःच त्याच्यामागे फिरते आणि फोटोही स्वतःच काढते. हा आत बसून चहा पितो. दुसऱ्या दिवशी मात्र गावभर सांगत सुटतो, "काल मी तेजोमेघ टिपला!" अरे, तू कुठला टिपलास? तू कपात साखर ढवळत होतास.

मी चष्मेवाला. चाळीस वर्षं काचा घासतोय. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकावी लागते: चांगली काच दिसत नाही. जी दिसते ती वाईट. त्यामुळे चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने माझ्या काचेचं कौतुक केलं नाही. आरशात बघून म्हणायचे काय, तर "फ्रेम छान आहे हो!" फ्रेम तर बाहेरून येते, तिच्यात माझं काय?

माझी दुर्बीण मी हाताने केली. तिच्यातला खोलगट आरसा, जेवणाच्या ताटाएवढा, मोरीशेजारच्या पिंपावर ठेवून दोन वर्षं घासला. असा आरसा झाला की लोक दिवा आणि दाढीचं पातं घेऊन तो तपासत बसतात. दिव्याचा परतणारा उजेड पात्याने अर्धा कापायचा, मग काचेवर सावल्या उमटतात आणि कुठे खड्डा, कुठे उंचवटा ते कळतं. मी म्हटलं, ही नवशिक्यांची थेरं. ज्याचा अंगठा चाळीस वर्षं काचेवर फिरलाय त्याला पातं कशाला हवं? अंगठा फिरवला, मान डोलावली आणि आरसा नळीत बसवला.

आमच्या आकाश बघणाऱ्यांच्या मंडळात सगळे त्या वेळी एकाच तेजोमेघाच्या मागे होते. एका म्हाताऱ्या ताऱ्याने फुंकून टाकलेला वायू, एवढासा, पण चांगला ठळक आणि हिरवट. मी त्याला वाटाणा म्हणायचो. त्याचा फोटो घेणं म्हणजे नाजूक काम. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला की मधला भाग जळून पांढरा होतो. दोन-दोन सेकंदांचे हजारो फोटो काढायचे आणि ते एकावर एक रचायचे. बटणरावाने पाच-पाच मिनिटांचे काढले आणि मंडळात आणून दाखवले. सगळ्यांसमोर मी विचारलं, "साडूभाऊ, हा तेजोमेघ की कणकेचा गोळा?" लोक खो खो हसले. हा म्हणतो, "बरं झालं सांगितलंत, भाऊ." म्हणजे अपमान केलाय हेही त्याला कळायला वेळ लागतो, असं मला वाटलं.

मग मी माझा फोटो काढला. मधे हिरवा वाटाणा, आणि त्याच्याभोवती, अगदी फिकट, कंपासने काढावं तसं गोल कडं. मंडळाचे अध्यक्ष आमचे मास्तर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे कडं कुणाच्याच फोटोत नाही," ते म्हणाले. "हा वाचनालयाच्या भिंतीवर लागणार. खाली तुमचं नाव."

खरं सांगतो, छाती भरून आली. ज्यातून बघतात असं मी जन्मभर केलं होतं, ज्याच्याकडे बघतात असं एकदाच. त्या भिंतीसाठी मी काहीही दिलं असतं.

बटणरावाने दहा रात्री दुर्बीण लावली. फोटो आता बरे यायला लागले होते, पण कडं काही येईना. मी म्हटलं, बटणात असेल तर येईल ना. एका दुपारी तो दुकानात आला, गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात उभा राहिला आणि मोबाईलवर माझाच फोटो उघडून म्हणाला, "भाऊ, एक विचारू? इथे कोपऱ्यात हा ठळक तारा आहे ना, ह्याच्याभोवतीही कडं आहे. अगदी तेवढंच. हाही वाटाणाच का?"

"साडूभाऊ," मी म्हटलं, "लग्नात जाऊन नवरानवरी सोडून खुर्च्या मोजणाऱ्यातले तुम्ही. मधे बघा, मधे!"

तो हसला. "बरोबर आहे तुमचं. बरं, फ्रेम मी करून आणतो, तेवढं माझ्याकडे द्या."

घ्या म्हटलं. फ्रेमच तेवढी जमेल ह्याला.

पण संध्याकाळी तो कोपऱ्यातला तारा डोक्यातून जाईना. आरसा काढला, दिवा लावला, दाढीचं पातं घेतलं. बायको दारातून म्हणाली, "अहो, ह्या वेळी दाढी?" पातं हळूहळू आणलं, आणि काचेवर सावली उमटली. मध्याभोवती एक गोल चर. जिथे दोन वर्षं माझा अंगठा दाबला जात होता, तिथेच. आता ह्या आरशातून कुठलाही ठळक तारा बघा, कडं घालूनच येणार. आकाशात कडं नव्हतंच.

आरसा परत नळीत बसवला आणि कुणाला काही बोललो नाही. कळणार कुणाला? मास्तरांचा चष्मा मीच केलेला. बाकी मंडळी माना डोलावणारी. आणि बटणरावाचं म्हणाल, तर त्याच्या डोक्यात बटाटे.

रविवारी वाचनालयात खुर्च्या मांडल्या होत्या. मास्तरांनी फोटोवरचं फडकं ओढलं. लोकांनी मधे पाहिलं. मी आधी कोपऱ्यात पाहिलं.

तारा नव्हता. त्या बाजूने फोटो चार बोटं कापून फ्रेम केली होती. वाटाणा एका कडेला सरकला होता, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी बटणरावाकडे पाहिलं. तो खाली मान घालून फडक्याची घडी घालत होता. मग सगळ्यांच्या आधी त्यानेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

म्हणजे त्याला माहीत होतं. दुकानात आला तेव्हाच माहीत होतं. मला स्वतःच्या तोंडाने सांगता यावं म्हणून त्याने प्रश्न करून विचारलं, आणि मी त्याला खुर्च्या मोजायला बसवलं. तरीही ह्याने माझी लाज झाकली. माझं डोकं भणभणलं. कणकेचा गोळा आणणाऱ्या ह्या माणसाने माझी कीव करावी? आणि मी ती भिंतीवर टांगून घ्यावी?

मास्तर म्हणाले, "दोन शब्द बोला."

मी उठलो. पहिल्या रांगेत माझ्या जुन्या गिऱ्हाईक बाई होत्या. तोंडाला हात लावून म्हणाल्या, "किती सुंदर कडं आहे हो!"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या काचेचं कौतुक केलं.

"बाई," मी म्हटलं, "ते कडं आकाशात नाही. माझ्या आरशात चर आहे. काच वाईट आहे, म्हणून तुम्हाला दिसली."

मास्तरांनी चष्मा काढला, आणि ह्या वेळी पुन्हा लावला नाही. मी फोटो खिळ्यावरून उतरवला. "ज्याने फ्रेम केली त्याला हे माझ्याआधी कळलं होतं. त्याचा फोटो लावा. त्यात कडं नाही, म्हणून तो खरा आहे."

घरी जाताना फोटो काखेत मारून बटणराव माझ्यामागे चालत होता. कोपऱ्यावर मला गाठून म्हणाला, "भाऊ, आरसा पुन्हा घासणार असाल तर मी पातं धरीन."

"त्याला बटण नसतं," मी म्हटलं.

"नसू दे. तुम्ही दाखवा, मी शिकतो."

पिंप अजून मोरीशेजारीच होतं.