मोठ्यानं केलेली प्रार्थना

सुशीलाबाईंची प्रार्थना हैदराबादेत नारायणगुड्याच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीची होती. ती कानावर न येणं कुणाला शक्यच नव्हतं. बाई डोक्यावर पदर ओढायच्या, डोळे मिटायच्या आणि एकदा का "हे स्वर्गीय बापा" म्हणाल्या की शेजारची बाई फोडणीचा हातसुद्धा आवरता घ्यायची. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना पाठ केलेली नसते. मनात जे असेल ते तिथल्या तिथे, नावं घेऊन बोलायचं. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचं गळू, कुणाच्या नवऱ्याची दारू. देवाला आधीच ठाऊक असतं, तरी सांगायचं. बसलेल्यांनी शेवटी आमेन म्हणायचं, ही रीत.

बाई विधवा, मिशनच्या बायबलबाई. सकाळी पिशवीत शास्त्र, फडकी आणि आयोडिनची बाटली घालून निघायच्या. बायकांना चार ओळी वाचून दाखवायच्या, कुणाची जखम धुवायची, कुणाच्या बाळंतिणीला शेक द्यायचा. त्यांच्या लेखी हे सगळं एकच काम होतं. मिशनचे साहेब त्याला सेवा म्हणत, बाई नुसतं "जाऊन येते" म्हणत.

दुपारचं शेवटचं घर दत्तोबांचं. दत्तोबा लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यातले जुने फिटर. जन्मभर हातोड्यांच्या आवाजात राहून कान गेलेले, आणि उन्हाळ्यात नळापाशी पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. तेव्हापासून खाटेवर. बाई त्यांची पाठ पुसायच्या, पावडर लावायच्या, एक अध्याय वाचायच्या आणि प्रार्थना करायच्या. त्यांना ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्यानं करायच्या. दत्तोबा स्वतः कधी प्रार्थना करत नसत. "बोलायचं काम तुमचं, आमेन माझं," म्हणायचे.

ते साल राज्याची वाटणी होण्याचं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले होते, आणि नारायणगुड्यात असो की सिकंदराबादेत, दोन मराठी माणसं भेटली की पहिला सवाल एकच: "तुम्ही कुठं? इथंच का मुंबई राज्यात?" दत्तोबांचा मुलगा अंबाजी महसूल खात्यात कारकून. मूळ गाव जालना, म्हणून त्याला हुकूम आला औरंगाबादेचा. नोव्हेंबर लागायच्या आत हजर व्हायचं होतं.

सगळ्यात जास्त खूश झाले दत्तोबा. त्यांची बायको माहेरी गेली असताना वारली होती आणि जालन्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलेली होती. "तिच्या शेजारची जागा मोकळी हाय," असं ते येईल त्याला सांगत, जणू काही गाडीतलं बाकडं राखून ठेवलं आहे. "आता जाऊलालो आपण. तिकडंच जायचं होतं, सरकारनं पाठवलं."

आणि इथेच सगळा घोळ होता. दत्तोबा जाणार नव्हते. डॉक्टरांनी अंबाजीला बाहेर बोलावून साफ सांगितलं होतं की हाड जुळलेलं नाही, काळीज कमजोर झालंय, मनमाडच्या गाडीचे धक्के या माणसाला सोसायचे नाहीत. जालना येण्याआधीच काही बरंवाईट होईल. अंबाजी पडल्या चेहऱ्यानं सुशीलाबाईंकडे आला. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत बाई म्हणाल्या, "माझ्याकडे ठेव त्यांना. माझी पुढची खोली रिकामीच आहे."

"मेहरबानी हाय बाई," अंबाजी म्हणाला. "पण बाबाला मी सांगतो. माझ्या तोंडून कळू द्या. दुसऱ्याकडून कळलं तर म्हणेल, पोरानं चोरून टाकून दिलं. अन्न सोडील तो. आईच्या वेळी सोडलंच होतं की. तुम्ही एक अक्षर बोलू नका."

शपथ वाहायची नाही असं शास्त्रात आहे, म्हणून बाई नुसतं "हो" म्हणाल्या. त्या "हो"नं त्यांची झोप उडवली.

कारण अंबाजी काही सांगेना. आज सांगतो, उद्या सांगतो, रविवार होऊ द्या. बापासमोर बसायचा, पाय दाबायचा आणि उठून जायचा. इकडे दत्तोबा सुनेला, पद्मावतीला, रोज नवी आठवण करून देत. माझी काठी बांधली का, घोंगडं वर ठेव, गाडीत गार लागतं. पद्मावती "हौ मामंजी" म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. सुशीलाबाई पाठ पुसता पुसता हे ऐकत असायच्या. म्हातारा जेवला नाही तर किती टिकेल, याचा हिशेब त्या अनेक आजाऱ्यांच्या उशाशी बसून शिकल्या होत्या.

वाचायचं काय, हाही प्रश्नच होऊन बसला. प्रवास नसलेला, ताटातूट नसलेला एखादा अध्याय काढावा म्हणून बाई पानं उलटायच्या, तर शास्त्रात जो तो उठून कुठेतरी निघालेला! कुणी देश सोडतोय, कुणी बापाला सोडतोय, कुणी परक्या मुलखात मरतोय. शेवटी त्यांनी मंदिराच्या बांधकामाची मापं वाचायला घेतली. खांब किती हात, पडदे किती हात. दत्तोबांनी दोन दिवस सोसलं आणि मग म्हणाले, "बाई, आता काय मला मिस्तरी करता का?"

ज्या दिवशी घात झाला त्या दिवशी घरात ट्रंका दोरीनं बांधून झाल्या होत्या. भिंतीवरचा येशूचा फोटोही उतरवला होता आणि तिथे चौकोनी पांढरा डाग उरला होता. पद्मावती आत हुंदके गिळत भांडी गोणपाटात गुंडाळत होती. बाईंना ते हुंदके ऐकू येत होते, खाटेवरच्या माणसाला येत नव्हते. त्यांचं काळीज अगदी भरून आलं. त्यांनी पदर घेतला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

आता इथे बाईंचा स्वभाव समजून घ्यायला हवा. डोळे मिटले की बाईंना समोर माणूस उरायचा नाही. खोली जायची, खाट जायची, राहायचा तो एक बाप आणि त्याच्यापुढे बसलेल्या त्या. त्याच्यापासून काय लपवायचं? लपवायची सवयच नव्हती. आधी पद्मावतीसाठी मागितलं, मग अंबाजीच्या नव्या जागेसाठी. आणि मग खणखणीत आवाजात, "आणि बापा, हा तुझा म्हातारा सेवक इथं माझ्या घरी मागे राहतोय. लेक दूर, सून दूर. जालन्याची माती त्याला मिळायची नाही. ते सोसायचं बळ त्याला तूच..."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. बाई भानावर आल्या. पुढचं वाक्य त्यांनी कसंबसं गुंडाळलं, "येशूच्या नावानं मागते," म्हणाल्या, पण डोळे उघडायची हिंमत होईना.

"आमेन," दत्तोबा म्हणाले. रोज म्हणायचे तसंच. मग जरा वेळानं, "बाई, डाव्या बाजूला खाज सुटलीय. तेवढं बघा."

बाईंनी पाठ खाजवली. ऐकलं की नाही ऐकलं? चेहऱ्यावर काही दिसेना. पद्मावती दारात येऊन उभी होती आणि तिचा रंग उडाला होता.

संध्याकाळी अंबाजी तणतणत बाईंच्या दारी आला. इतकी वर्षं त्यांच्यापुढे मान वर न करणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं मुलाहिजा ठेवला नाही.

"तुम्हाला एवढंच सांगितलं होतं. एक अक्षर बोलू नका म्हणून!"

"मी त्यांच्याशी नाही बोलले रे अंबाजी. मी देवाशी बोलत होते."

"देव बहिरा हाय का?"

पुढे अनेक दिवस त्या वाक्यानं बाईंचा पिच्छा पुरवला. अंबाजी थोडा निवला, उंबऱ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "मग? काय म्हणाला तो?"

"आमेन म्हणाले."

"बस्स?"

"बस्स."

अंबाजी म्हणाला, नसेल ऐकलं. तसंच असावं असं त्याला वाटत होतं. बाईंनाही वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी एक खुळा उद्योग मांडला. दारातूनच पुटपुटायच्या, "मामा, चहा घेता?" दत्तोबा हलायचे नाहीत. मग वाटायचं, नाहीच ऐकलं, सुटलो. तोच चहाची कपबशी नुसती वाजली की मान वळवायचे, आणि बाईंना पुन्हा वाटायचं, ऐकलंच असणार. जेवण मात्र ते नीट जेवत होते. ताट पुसून जेवत होते. पण एक गोष्ट बाईंनी हेरली आणि ती त्यांना अन्न सोडण्याहून भयंकर वाटली. दत्तोबांनी जालन्याचं नाव घेणं बंद केलं होतं. काठीचं विचारेनात, घोंगड्याचं विचारेनात. ट्रंकांकडे पाठ येईल अशा कुशीवर पडून राहत. बाईंना भीती वाटत होती, लाजही वाटत होती. रात्री त्या स्वतःसाठी प्रार्थना करायला बसत आणि तोंडातून शब्द काढायला घाबरत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अंबाजीनं बाईंना बोलावून घेतलं. "आज सांगतो. तुम्ही बसा जवळ. त्याला काही झालं तर."

खोली उघडी-बोडकी दिसत होती. अंबाजी खाटेच्या पायथ्याशी, पद्मावती जमिनीवर, बाई उशाशी. अंबाजी म्हणाला, "बाबा." मग खाकरला. मग परत, "बाबा, असं हाय की..." आणि त्याला पुढचं एक अक्षर बोलता येईना. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मोठा बाप्या माणूस, कारकून, उद्या नव्या राज्यात जाणारा, आणि ओठ लहान मुलासारखे वाकडे झालेले.

"थांब," दत्तोबा म्हणाले. "आधी प्रार्थना करू."

बाईंनी सवयीनं पदर ओढला. दत्तोबांनी हात वर केला. "तुम्ही नका, बाई. आज मी करतो."

सगळे चकित झाले. दत्तोबांनी डोळे मिटले. मग ते बोलायला लागले, बहिरी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा मोठ्यानं.

"बापा, मला बोलायची सवय न्हाई. माफी असावी. माझा अंबाजी उद्या जाऊलालाय. त्याला नीट पोचव. त्याची फिकीर तू कर. अन् त्याला एक सांग, माझ्याच्यानं सांगणं होईना. मला जालन्याला यायचं न्हाई. तिथं आता माझं कोण हाय? उगीच बडबडत होतो मी. मला इथंच बरं वाटतं. बाई हायेत, कारखान्यातली माणसं येतात. पोराला वाटायलंय, बापाला टाकून चाललो. तसं काई न्हाई. मीच न्हाई म्हणालोय. हे त्याच्या मनात घाल बापा. आमेन."

"आमेन," अंबाजी म्हणाला आणि बापाच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला. पद्मावतीही रडत होती. पण ते रडणं सुटल्याचं होतं. सुशीलाबाईंनाही इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. त्यांना वाटलं, देवानं आपली चूकसुद्धा कामी लावली. नाव घेऊन आभार मानावेत असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं.

अंबाजी डोळे पुसत उठला. सकाळच्या टांग्याचं सांगायला हवं होतं, दारातली ट्रंक अजून आवळायची होती. तो आणि पद्मावती बाहेर ओसरीवर गेली. बाई दत्तोबांची उशी सारखी करायला वाकल्या, तर त्यांनी बाईंचं मनगट पकडलं. लोखंड पकडायची सवय असलेला हात, अजूनही जोर होता.

"पोरी," ते म्हणाले. याआधी त्यांनी बाईंना कधी पोरी म्हटलं नव्हतं. आवाज अगदी बारीक केला होता. "मी देवापुढं लबाड बोललो."

बाई आणखी खाली वाकल्या.

"मला जायचं होतं. तिच्याशेजारी. तुम्ही त्या दिवशी बोललात ना, तवापासून डोळ्याला डोळा न्हाई." त्यांचे डोळे वाहत होते, पण चेहरा हलत नव्हता. "जन्मात एकदा तोंड उघडलं, ते बी खोटं बोलायला. माझ्यासाठी माफी मागा. काय खरं हाय ते त्याला सांगा. तुमचं ऐकतो तो."

बाईंचा हात आपोआप पदराकडे गेला, डोळे मिटले गेले, छातीत श्वास भरला.

"हे स्वर्गीय..."

मनगटावरची पकड घट्ट झाली. "मोठ्यानं नको," दत्तोबा कुजबुजले. "पोरगा दारातच हाय."

ओसरीवर अंबाजी ट्रंकेची दोरी आवळत होता. पद्मावतीला म्हणत होता, "बघ, उगीच झुरत होतो मी. बाबालाच यायचं नव्हतं." त्याचा आवाज हलका झाला होता, कित्येक दिवसांत बाईंनी तसा ऐकला नव्हता.

बाईंनी ओठ मिटून घेतले आणि मनातल्या मनात मागायला लागल्या. दत्तोबा त्यांच्या तोंडाकडे बघत पडून राहिले, आमेन कधी म्हणायचं ते कळावं म्हणून.