विसावी शिट्टी

ज्योतिबा दूध सोसायटीचे चेअरमन झाले ते चोवीस विरुद्ध तेवीस हातांनी. हरलेले दादासो म्हणजे आमच्या शेजारच्या चंद्राकाकींचे सख्खे भाऊ. आणि ज्योतिबांसाठी वर गेलेल्या हातांत एक हात काकींच्या नवऱ्याचा, मानसिंगतात्यांचा होता.

तेव्हापासून तात्या आमच्याकडे जेवत होते.

"म्या हात उचललाच न्हाई," ते काकींना रोज सांगत. "सभा चालली हुती, तवा शेजारच्या शाळंच्या ग्राउंडावर ड्रिलमास्तरनं शिट्टी मारली. अठरा वरसं पलटणीत शिट्टीला सलाम ठोकलाय. हात आपसूक गेला, आन् सेक्रेटरीनं मोजला."

"आन् डोस्कं कुठं गेलतं?" काकी विचारत.

मी त्याच वर्षी, १९७४ साली, विश्रामबागच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. मी काकींना सांगितलं, तापलेल्या तव्यावरून हात मागे येतो, तेव्हा हुकूम पाठीच्या कण्यातूनच सुटतो. मेंदूला मागाहून कळतं. सलाम त्या जातीचा नाही, तो शिकलेला आहे. पण सवय पक्की असली की हात विचारायला थांबत नाही.

"दाखव," काकी म्हणाल्या. "खरं निघालं तर ताट वाढते."

रविवारी सकाळी मी तात्यांना अंगणात भिंतीकडे तोंड करून बसवलं. नोंदींसाठी वही घेतली, वीस शिट्ट्या ठरवल्या; मधूनमधून थाळी वाजवायची, म्हणजे नुसत्या आवाजाने हात जातो का तेही कळेल. दादासो बघायला आले होते. तेही पलटणीतूनच पेन्शनीवर आलेले.

पहिली शिट्टी वाजवली. तात्यांचा हात कपाळाला गेला. ओट्यावर बसलेल्या दादासोंचाही गेला.

काकी भावाकडे वळल्या. "सभंत शिट्टी वाजली तवा हात कुणासाठी मागत हुते रं?"

"ज्योतिबासाठी."

"आन् तू?"

"मला नगं इचारू, आक्का," दादासो म्हणाले आणि उजवा हात पुढे केला. "ह्याला इचार."

एकोणीस शिट्ट्या, प्रत्येकीला दोन सलाम. थाळीला एकही नाही. काकींनी दोन ताटं वाढली.

मला एक गोष्ट खटकत होती. शिट्टी येणार हे तात्यांना प्रत्येक वेळी माहीत होतं. म्हणून विसावी मी राखून ठेवली होती. दोघांनी पहिला घास उचलला, तेव्हा खांबाआडून ती वाजवली.

दादासोंच्या कपाळाला वांग्याचा रस्सा लागला.

तात्यांचा घास तोंडात गेला.

काकी हसत पदराने भावाचं कपाळ पुसू लागल्या. तात्या चावता चावता थांबले, माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा हात सावकाश वर गेला आणि कपाळाला टेकला. माझ्या घड्याळात चार सेकंद झाले होते.

"बस की गड्या जेवायला," तात्या म्हणाले.

मी वही मिटून बसलो. रस्सा झणझणीत होता.