पहिल्या पोटाला चकवा

खाद्यवाला वाघालाही भ्यायचा नाही. भ्यायचा तो फक्त थोरल्या ताईला. त्याच्या पशुखाद्याच्या कारखान्याची शेडही तिचीच.

"या खेपेला माझ्या गाईंचं दूध वाढलं नाही तर शेड खाली कर," ताईने बजावलं. "खाद्य पहिल्या पोटात टिकलं पाहिजे."

गाईला पोटाचे चार कप्पे. पहिल्यात सूक्ष्मजीवांचं खटलं असं, की पौष्टिक दाणा पडताच फुकट्या पाहुण्यांसारखे तो फस्त करतात. गाईच्या वाट्याला ढेकर! म्हणून दाण्याला चरबीचं कवच द्यायचं.

खाद्यवाल्याने 'टिकलं पाहिजे' एवढंच ऐकलं आणि थरावर थर चढवले. दाणा असा झाला, की हातोडा मारला तर हातोडाच उडून पत्र्याला भोक पाडून गेला. ताईच्या मेंढ्याही तो खाऊन धावू लागल्या की खुळखुळ्यासारख्या वाजत. कळप हुडकायला घंटेची गरज उरली नाही.

दोन दिवसांनी ताई बादली घेऊन हजर.

"ओंजळ कर. तुझा माल. शेणातून वेचून, धुऊन आणलाय. एक दाणा कमी नाही, वर चमक आलीय!"

खाद्यवाला नाचायलाच लागला. "ताई, पहिलं पोट हरलं!"

"मेल्या, उरलेली तीनही हरली की! गाय म्हणजे काय नळ आहे?"

"तूच म्हणालीस, टिकलं पाहिजे."

"पहिल्या पोटात म्हणाले होते! पुरतं ऐकायची सवय तुला लहानपणापासूनच नाही. आता शेवटची खेप."

खाद्यवाल्याची झोप उडाली. कवच पातळ केलं तर फुकटे खाणार, जाड केलं तर पुन्हा बादली. अखेर गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे, पोटातलं तपासता यावं म्हणून कुशीला झाकण बसवलेली गाय होती; त्याने बाईंचे पाय धरले. झाकण उघडून, बेताच्या कवचाच्या दाण्यांची जाळीदार पिशवी दोरीने पहिल्या पोटात सोडली. गाय शांतपणे रवंथ करत होती; घाम फुटला होता खाद्यवाल्याला. दुसऱ्या दिवशी दाणे शाबूत निघाले. मग बाईंनी ते कोमट पित्तात टाकले, तेव्हा लोण्यासारखे विरघळले. पुढच्या आतड्यात नेमकं हेच व्हायला हवं होतं.

तोच दाणा ताईच्या गोठ्यात गेला. आठवड्याने ताई शेडच्या दारात. हात कमरेवर, चेहरा गंभीर. खाद्यवाला पोती आवरू लागला.

"खाली करतो, ताई. चार दिवस दे."

"कुठे निघालास? कॅन भरले, घागरी भरल्या, भावजींच्या अंघोळीचा टबही भरला. गाईंची धार थांबेना, आणि ते अंघोळीला बादलीत पाय सोडून बसलेत. तुझी पिंपं दे आधी!"