राजा खोटं बोलला की मी गडगडतो

मी एक जुना पत्रा आहे. गंजलेला, पोचे पडलेला, वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं असलेला. मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्हाला भंगारवाल्याची हाक आठवेल. पण मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आसपास ज्यांनी जुनी दंडार पाहिली आहे, गावोगावी रात्रभर चालणारं ते नाटक पाहिलं आहे, त्यांना माझा आवाज अजून ओळखता येईल. त्या नाटकातलं आभाळ म्हणजे मी.

वारासिवनीच्या एका राइस मिलचं छप्पर बदललं, तेव्हा मला खाली फेकलं गेलं. पडताना मी वाजलो. तिथे पोती वाहणारा टिकाराम थांबला. त्यानं मला उचलून हलवलं, कान लावला आणि हसला. घरी नेऊन त्यानं मला दोरीनं बांबूला टांगलं, खालच्या कडेला धरायला बांबूची कामटी बांधली. मनगटानं हलवलं की मी लांबचं आभाळ. खांद्यातून जोर लावला की डोक्यावरचं.

टिकारामच्या दंडार मंडळाचं गाजलेलं नाटक होतं धर्मकेतू राजाचं. राजानं धाकट्या भावाला हाकलून दिलेलं असतं आणि भर दरबारात तो शपथ घेतो, 'भाऊ आपल्या पायानं गेला.' प्रत्येक खोट्या शपथेला आभाळ गडगडतं. राजा व्हायचा तेजराम. देखणा, भरदार आवाजाचा. लोक त्याला पाहायला येत आणि माझी वाट पाहत.

किरनापूरला तेजराम ऐन शपथेत वाक्य विसरला. तोंड उघडं, शब्द नाही. त्यानं पडद्यामागे घेतली होती. मी तिथेच टांगलेलो होतो, मला वास येत होता. त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून टिकारामनं मला जोरात हलवलं. पण गर्दीतून कुणी ओरडलं, "अरे, राजा बोललाच नाही, अन् आधीच खोटा निघाला!" मंडप हसून लोळला.

नाटक संपल्यावर तेजरामनं सगळ्यांसमोर टिकारामची कॉलर धरली. "पेऊन आलास काय बे? उद्यापासून येऊ नको."

टिकारामनं जन्मात थेंब घेतला नव्हता. त्यानं फक्त माझी दोरी सोडली. मला खांद्यावर टाकून घरी आला. तेजरामनं गावोगाव तेच सांगितलं आणि 'दारुड्या' हे नाव टिकारामला चिकटलं. पुन्हा कोणत्याही मंडळानं त्याला बोलावलं नाही.

मी सरपणावर झाकण झालो. माझ्यावर शेळ्या चढल्या, कोंबड्यांनी घाण केली. पाऊस आला की मी वाजायचो आणि टिकाराम खाट उचलून आत जायचा. त्याला तो आवाज सोसत नसे. मिलमधल्या कोंड्याच्या धुळीनं त्याला दमा जडला. गेल्या वर्षी दम्यानंच तो गेला. अंगणात जमलेल्यांना त्याची मुलगी मंजुषा चहा देत होती. एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "दारूनंच गेला असंल." मंजुषानं ते ऐकलं आणि त्यालाही कप दिला. ती पुढच्या माणसाकडे गेली.

मित्रांनो, मी पत्रा आहे. मला रडता येत नाही. मी गंज धरतो, तसं मी तेही धरून ठेवलं.

यंदा मोहल्ल्यातली पोरं मंजुषाकडे आली. त्यांना धर्मकेतूचं नाटक नव्या पद्धतीनं करायचं होतं आणि ते तिला लहानपणापासून पाठ होतं. पोरांनी राजाचा मिलमालक केला, दरबाराची ग्रामसभा केली. काळा चष्मा लावून मिलमालक झाली अकरावीतली रीना. त्यांच्यातल्याच महेंद्रनं मोबाइलवरून गडगडाट लावला. एक कडकडाट झाला आणि पाठोपाठ केसांच्या तेलाची जाहिरात.

"बादल के बाद ॲड आ गया, दीदी!"

"स्किप कर ना, गधे! मैं कसम खा रही हूँ!"

वडील गेल्यापासून मंजुषा पहिल्यांदा हसली. मग परसात जाऊन तिनं सरपणावरून मला उचललं.

"प्रमुख पाहुणे तेजराम दादाजी को बुलाते हैं," रीना म्हणाली. "पुराने राजा हैं."

मंजुषा कामटी नव्यानं बांधत होती. गाठ आवळून झाल्यावर ती म्हणाली, "हौ. बोलवा."

प्रयोगाला सभागृह भरलं. रीनानं पहिली खोटी शपथ घेतली, मी गडगडलो. दुसरीला लोक टाळ्या पिटू लागले. तिसरीला तर माझ्याआधी पुढच्या रांगेतली लहान पोरं ओरडली, "झूठा!"

मग शाल, नारळ आणि तेजराम माइकवर. आवाज अजून भरदार.

"पोरांनो, झकास केलं. या नाटकात मह्यासंग टिकाराम होता. मोठा कलावंत. पण दारूनं खाल्लं बिचाऱ्याले. मी किती समजावलं त्याले..."

मंजुषाच्या मनगटातून मी बोललो. लांबचं आभाळ.

लोक हसले. तेजरामही हसला. "अरे, नाटक संपलं न! कोन आहे तिकडे? मी खरं सांगून राह्यलो. किरनापूरले तो पेऊनच आलता."

या वेळी तिनं खांद्यातून जोर लावला. छताखालची कबुतरं उडाली. आणि एक बारकं पोरगं आपल्या जागेवर उभं राहून ओरडलं, "झूठा!"

कुणी हसलं नाही. मागून म्हातारा नथ्थू उठला. आमच्या मंडळात ढोलकी वाजवायचा तो.

"पोरगं बराबर बोलते, तेजराम. त्या दिवशी तू पेऊन होता. आमी समदे गप बसलो, तुह्या नावावर मंडळ चालत होतं म्हणून. टिकारामनं तुले वाचवलं होतं."

तेजरामनं शाल घट्ट ओढली. उतरायच्या पायऱ्या माझ्याच बाजूला होत्या. मंजुषासमोर तो थांबला.

"इतक्या वर्षांनी काहून, पोरी?"

"बाबा इतकी वर्षं गप होते, काका. म्हणून."

तो गेला. मला त्याची दया आली नाही. तुम्हाला आली असेल तर ती तुमच्यापाशी ठेवा.

आता मंजुषा मला दर आठवड्याला जवसाचं तेल लावते. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना कोरड्या जागी ठेवा. पण त्याआधी माणसाचं नाव जपा. कुणाच्या नावावर खोटं चढवलंत, तर तो माणूस कदाचित गप्पच राहील, गप्पच मरेल. पण त्याच्या घरात एखादा पत्रा असतो.

पुढचे प्रयोग लालबर्ऱ्याला आणि किरनापूरला आहेत. प्रत्येक ठिकाणी पहिल्या रांगेत तेजरामच्या नावाची खुर्ची ठेवायची, असं मंजुषानं पोरांना बजावलं आहे. तो येणार नाही, हे तिला ठाऊक आहे. खुर्ची रिकामी राहील. राजा खोटं बोलेल, मी गडगडेन, आणि सगळं सभागृह त्या खुर्चीकडे पाहील.