दुकान वाढवलं

सनीच्या नव्या टेम्पोची पूजा चालली होती. बनूबाईंनी घरात नुकत्याच आलेल्या सुनेला सांगितलं, "करिष्मा, नारळ वाढव गो."

करिष्मा लगबगीने आत गेली आणि आणखी दोन नारळ घेऊन आली.

खरवईच्या त्या अंगणात जमलेली माणसं हसली. तीही हसली, पण सगळे कशाला हसले ते तिला नंतर कळलं. करिष्मा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली, सिंधी घरातली. शाळेत शिकलेलं मराठी सनीशी बोलून बोलून बरं झालं होतं. बनूबाईंचं मराठी मात्र वेगळंच निघालं. त्या पूजेचा नारळ फोडत नसत, वाढवत. बांगडी फुटली तर 'वाढली' म्हणत. पानात भात वाढत. आणि भाऊ-भावजय गेल्यावर सनीला, आपल्या भाच्याला, त्यांनीच वाढवलं होतं.

"तुमच्याकडे सगळंच वाढतं का, आत्या?" करिष्माने विचारलं.

"वाईट शब्द तोंडात कशाला घ्यायचा," बनूबाई म्हणाल्या.

पुढे काही महिन्यांनी एका सकाळी करिष्माचा फोन वाजला. तिचे हात पिठात होते, म्हणून बनूबाईंनी उचलला. पलीकडे करिष्माचे वडील, टेकचंद. कॅम्प चारमध्ये त्यांचं पॅन्ट-शर्ट अल्टर करायचं छोटं दुकान होतं.

"बहनजी, दुकान बढ़ा दी," ते म्हणाले. "करिष्मा को आराम से बता देना."

"वा, शेठ. फार चांगलं केलंत," बनूबाई म्हणाल्या. "हां, चलो," एवढंच म्हणून टेकचंदनी फोन ठेवला.

"तुझ्या बाबांनी दुकान मोठं केलं," बनूबाईंनी सांगितलं. करिष्माला नवल वाटलं. शेजारचा गाळा कित्येक वर्षं मागूनही मिळाला नव्हता. पण आनंदात ती फार खोलात गेली नाही. बनूबाईंनी पेढे आणायला लावले आणि सनीसह तिघंही टेम्पोतून उल्हासनगरला निघाली.

दुकानाचं शटर खाली होतं. टेकचंद बाहेर बाकड्यावर बसले होते. शेजारी दोन शिलाई मशिनी दोरीने बांधून ठेवलेल्या. बनूबाई पेढ्यांचा पुडा पुढे करून उभ्या राहिल्या, पण टेकचंदनी तो घेतला नाही.

करिष्माच्या सगळं लक्षात आलं. "आत्या," ती हळूच म्हणाली, "आमच्यात दुकान बंद करताना 'बढ़ाना' म्हणतात. बंद हा शब्द धंद्यात बोलत नाहीत."

बनूबाई तिथेच बाकड्यावर बसल्या. "म्हणजे मी ह्यांना बंद केल्याबद्दल शाबासकी दिली?"

"मुझे लगा, बहनजी को मेरा काम पसंद नहीं था," टेकचंद म्हणाले, आणि स्वतःच खुदकन हसले.

इमारत धोकादायक झाली होती, सगळ्यांनाच गाळे रिकामे करावे लागले होते. करिष्मा चिडली. "इतके दिवस मला का नाही सांगितलं?"

"तू नया घर बसा रही थी. तुला टेन्शन कशाला?"

बनूबाई मशिनींकडे बघत होत्या. "आमच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामीच आहे," त्या म्हणाल्या. "समोर एवढे टॉवर झालेत. त्यांचे पडदे शिवायला लोक बदलापूर स्टेशनपर्यंत जातात."

टेकचंदनी मान हलवली. "बेटी के घर में धंदा? नाही होणार, बहनजी."

"बेटीचं घर कुठे आलं? खोली माझ्या नावावर आहे. भाडं द्या, मग तर झालं?" तरी ते मशिनींची दोरीच आवळत राहिले. तेव्हा बनूबाई खाली बघत म्हणाल्या, "तुम्ही एकट्याने हिला वाढवलंत, मी एकटीने ह्याला. काय काय करून वाढवलं ते आपल्या दोघांनाच ठाऊक. मग आपल्याला एकमेकांची लाज कसली?"

टेकचंदनी पुड्यातला एक पेढा उचलला आणि सनीला म्हणाले, "वो बड़ी मशीन पहले चढ़ाना. जड आहे."

खोलीला रंग लागला, पाटी लागली. पहिल्याच आठवड्यात टॉवरमधली माणसं पडदे, उशांचे अभ्रे घेऊन येऊ लागली. साड्यांना फॉल लावायचं काम इतकं आलं की एका दुपारी बनूबाईच सुई घेऊन बसल्या. टेकचंदनी चष्मा पुढे ओढून त्यांचे टाके बघितले.

"बहनजी, हे टाके लांब झाले. उसवा."

आजवर त्या घरात बनूबाईंना असं कुणी सांगितलं नव्हतं. करिष्मा दारातच थांबली. बनूबाईंनी टेकचंदकडे एकदा बघितलं, टाक्यांकडे बघितलं, आणि कात्री मागितली.